दोन खोल्यांतली डबलबारी

रत्नागिरी
९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

एक व्यावहारिक गोष्ट विचारायची आहे, म्हणून लिहितेय. मला घरी गाणी ऐकायला स्टिरिओ घ्यायचा आहे. पहिलाच. कॉलेजच्या लायब्ररीत लागले त्याला वर्ष होत आलं, थोडे पैसे साठलेत. पण थोडेच. दहा हजारांच्या वर मला जाता येणार नाही आणि हप्त्यावर काही आणायचं नाही असं मी ठरवलंय. नेटवर वाचायला बसले तर तिथे प्रत्येक जण दुसऱ्याला बहिरा म्हणतोय. एक म्हणतो साउंडबार घ्या, दुसरा म्हणतो साउंडबार घेण्यापेक्षा पत्र्याचा डबा वाजवा. मला काहीच कळेनासं झालं. तू आवाजाच्या धंद्यात आहेस, तर तू सांगशील असं वाटलं.

फोन करता आला असता. पण फोनवर तू ‘हं, बरं’ म्हणतोस, मी ‘बरं, ठेवते’ म्हणते, आणि मग दिवसभर मी काय म्हणायचं राहिलं ते आठवत बसते. मेसेज लिहिते आणि पुसते. कागदावर लिहिलेलं पुसता येत नाही, त्यामुळे निदान पुरं तरी होतं. बाबांनी शाळेत घालायच्या आधी आपल्याला घरीच अक्षर शिकवलं, त्याचा हा परिणाम असेल. पाटी पुसू द्यायचे नाहीत. ‘चुकलंय ते दिसू दे, खाली नीट काढ.’

तुझ्या स्टुडिओचा पत्ता मला कुणी दिला नाही, मीच शोधला. नेटवर एक डबलबारी सापडली. लांज्याकडच्या जत्रेत झालेला दोन भजनीबुवांचा सवाल-जवाबाचा सामना, रावजीबुवा आणि भागोजीबुवा. खाली लिहिलं होतं, ‘ध्वनिमुद्रण : सलिल परशुराम आठल्ये’, आणि ठाण्याच्या स्टुडिओचं नाव. लांज्याला जाताना तू हातखंब्यावरून गेला असशील. तिथून घर किती लांब ते तुला सांगायला नको. ही तक्रार नाही. वाचलं ते लिहिलं.

या पत्राबद्दल बाबांना माहीत नाही. आईला माहीत आहे. ती म्हणाली, ‘लिही, पण माझं नाव घालू नकोस.’ तेव्हा मी तिचं नाव घातलेलं नाही असं समज.

तुझी,
भार्गवी

ता. क. अक्षर वाकडं आलंय कारण टीव्ही मोठा लागलाय आणि लक्ष लागत नाही. हल्ली मोठाच असतो.


रत्नागिरी
२१ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पाकीट आलं, उशीवर ठेवलेलं मिळालं. एकच पान. ‘कशी आहेस’ नाही, ‘घरी कसे आहेत’ नाही, सुरुवातच ‘दिवे लागणारे डबे घेऊ नकोस’ इथून. मला फार बरं वाटलं. म्हणजे तू आहेस तसाच आहेस.

मला कळलं ते पुन्हा लिहिते, चुकत असेन तर सांग. सगळं एकाच खोक्यात कोंबलेलं नको, दोन वेगळे स्पीकर हवेत. पैसे कमी आहेत तर स्पीकर नवे घ्यावेत आणि ॲम्प्लिफायर जुना चालेल, तो सहसा मरत नाही. दुकानदार लावेल ते गाणं ऐकायचं नाही, आपल्याला पाठ असलेलं न्यायचं. आणि घरी दोन्ही स्पीकर एकमेकांना चिकटवून ठेवायचे नाहीत, मध्ये चांगलं अंतर ठेवायचं.

पण शेवटी तू विचारलंयस, ‘कुठल्या खोलीत ठेवणार, आणि ऐकणार कोण?’

इथे मी अडकले. मी ‘मला’ असं लिहिलं होतं. ते खोटं नाही, पण निम्मंच आहे. ऐकणार बाबा.

दादा, बाबांचे कान जात आहेत. दूधवाला फाटकात उभा राहून हाका मारत असतो आणि बाबा ओटीवर बसून मला विचारतात, ‘आज दूध नाही आलं गो?’ माणूस समोर असला की ओठांवरून ओळखतात. पाठमोरं बोललं की ‘हो हो’ म्हणतात, आणि तो ‘हो’ कशाला होता ते त्यांनाही ठाऊक नसतं. गुरुवारचं देवळातलं भजन त्यांनी सोडलं. गुडघे दुखतात म्हणून. पण त्याच गुडघ्यांनी रोज राम आळीपर्यंत चालत जातात. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर म्हणतात, ‘मला नीट ऐकू येतं. हल्ली लोकच पुटपुटतात.’

म्हणून मला त्यांना ती डबलबारी ऐकवायची आहे. तुझी. ऐकू येतंय तोवर. तू त्यांच्याबरोबर जायचास, तुला आठवत असेल. गावोगावचे लोक त्यांना सामन्याला पंच म्हणून बोलवायचे, कारण आठल्ये मास्तर कुणाच्या बाजूचे नाहीत अशी ख्याती. तू त्यांच्या मांडीला टेकून झोपायचास आणि मी रडायचे की मला का नेत नाहीत. मोबाइलवर लावलं तर त्यांना ती डबीत अडकलेल्या माशीसारखी ऐकू येईल. ते त्यांना शोभणार नाही, आणि तुझ्या कामालाही नाही.

आता एक लिहिते, ते तू वाचून बाजूला ठेवलंस तरी चालेल. तू घर सोडलंस त्या दिवशी बाबा तुला जे बोलले, ‘ज्याला माझ्या शब्दाची किंमत नाही त्यानं माझ्या घरात राहू नये’, ते मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं. पतपेढीतल्या त्या नोकरीसाठी ते चेअरमनच्या घरी जाऊन बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागायला गेले. तू ती सहा महिन्यांत सोडलीस. तुला हे माहीत होतं की नाही मला ठाऊक नाही, म्हणून सांगितलं. आणि तू त्या दिवशी काहीतरी सांगायला उभा होतास, ते त्यांनी पुरतं ऐकून घेतलं नाही, हेही मी पाहिलं. दोन्ही लिहिलं. एकच लिहिलं असतं तर मला झोप आली नसती.

तुझी,
भार्गवी


रत्नागिरी
६ डिसेंबर

प्रिय दादा,

घेतला.

माळ नाक्याजवळ विनोद म्हणून एकाचं दुकान आहे, विकतो आणि दुरुस्तही करतो. मी आत गेले तर त्यानं पहिल्यांदा कमरेएवढा एक डबाच पुढे ढकलला. त्यात आतून निळे-जांभळे दिवे नाचत होते.

‘ताई, हा बघा. रिमोट आहे, ब्लूटूथ आहे, माइक लावून गाता येतं. गणपतीत लावलात तर वाडी हलेल.’

‘वाडी नाही हलवायची. एका माणसाला नीट ऐकू आलं पाहिजे.’

‘मग दिवे नकोत म्हणता?’

‘बंद होतात का ते?’

‘बंद नाही होत. वरून कागद चिकटवायचा.’

मी तुझं पान पर्समधून काढून वाचलं. तो हसला, म्हणाला, ‘डॉक्टरची चिठ्ठी आणलीत होय?’ पण मग त्यानं आतून खरोखरच दोन जोड्या काढल्या, कपाटात मावतील अशा. मी मोबाइलवर तुझी डबलबारी लावली. पहिल्या जोडीवर सगळं गोड आणि गुबगुबीत येत होतं, पखवाज तर थेट पोटात. दुसरी कोरडी वाटली. पण तिच्यावर रावजीबुवांचा प्रत्येक शब्द सुटा आला. पहिलीवर ऐकताना मजा येत होती. दुसरीवर कळत होतं.

मी पुन्हा पहिली ऐकली. पुन्हा दुसरी. विनोदनं चहा मागवला, मलाही दिला. मी त्याला म्हटलं, उद्या येते. दुसऱ्या दिवशी गेले आणि तेच केलं. बाबांना आवाज येतो, अक्षर येत नाही. म्हणजे ‘सात’ की ‘हात’ ते त्यांना समजत नाही. मग त्यांना गोडी काय कामाची? कोरडी जोडी घेतली. रस्त्यात आल्यावर वाटलं की चुकले, गोडच घ्यायला हवी होती, त्यांच्या हौसेची वस्तू मी औषधासारखी निवडली. अजूनही वाटतंय. तू सांग.

ॲम्प्लिफायर जुना आहे. कुणा बागायतदारानं दुरुस्तीला टाकला आणि मग न्यायला आलाच नाही. माणसाला न विचारता त्याची वस्तू कशी घ्यायची? मी विनोदला फोन लावायला लावला. पलीकडून आवाज आला, ‘अरे तो अजून जिवंत आहे? देऊन टाक रे, घरात नारळ ठेवायला जागा नाही!’ मग घेतला.

विनोदचा इतका वेळ खाल्ला त्याची लाज वाटून एक एक्स्टेंशन बोर्डही घेतला. घरी तीन आहेत. आणि वायर भरपूर घेतली, तू अंतर ठेव म्हणालास म्हणून.

तुझी,
भार्गवी


रत्नागिरी
२० डिसेंबर

प्रिय दादा,

आज लावला, आणि मी हे करायला नको होतं.

सुरुवात चांगली झाली. आईनं ॲम्प्लिफायरला हळदकुंकू वाहिलं. बाबा म्हणाले, ‘कशाला एवढा खर्च’ आणि खुर्ची जवळ ओढून बसले. मी स्पीकर कुठे ठेवावेत याचा विचार करत होते, तेवढ्यात आई बोलली. ‘या घरात नवीन काही आलं की ओटीवर. पंखा ओटीवर, टीव्ही ओटीवर. माझ्या वाट्याला मिक्सर. दोन आहेत ना हे? मग एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. आंबा कापला की दोन फोडी दोघांना, तसं.’ मला ते अगदी न्यायाचं वाटलं. वायर पुरत होती, आणि तू म्हणाला होतास तसं अंतरही चांगलं पडत होतं. एक ओटीवर कपाटात ठेवला, दुसरा स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर. मी मधल्या दारात बसले, दोघांवर लक्ष राहावं म्हणून.

तुझं काम किती सुंदर झालंय, दादा. मला दारात बसून अगदी मैदानात बसल्यासारखं वाटलं. इकडून रावजीबुवा, तिकडून भागोजीबुवा, मी मध्ये.

रावजीबुवांनी गजर धरला तसा बाबांचा हात मांडीवर ताल द्यायला लागला. किती दिवसांनी पाहिला मी तो हात. मग रावजीबुवांनी सवाल टाकला, देव आधी की देऊळ आधी? बाबा हसले, पुढे वाकले, उत्तराची वाट पाहत. भागोजीबुवा उत्तर द्यायला लागले. आणि बाबा तसेच वाकलेले. त्यांनी कानामागे तळवा धरला. ताल थांबला. पुन्हा रावजीबुवा आले की हात चालू, मग पुन्हा तळवा कानाशी. असं बराच वेळ चाललं. आत आई भांडी पुसता पुसता खदखदून हसत होती आणि मला तिचा इतका राग आला. हिला दिसत नाही का?

शेवटी ते म्हणाले, ‘बंद कर गो.’

‘आवाज वाढवू का बाबा?’

‘आवाजाचं नाही. अर्धं येतंय, अर्धं जातंय. मधूनच सगळं शांत होतं.’ मग म्हणाले, ‘गेले माझे कान. संपलं ते.’

इतक्या दिवसांत हे त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. मी एक यंत्र विकत आणून ते त्यांच्याकडून वदवून घेतलं. ते उठून परसात गेले आणि पोफळींना पाणी घालत राहिले, आज पाण्याचा दिवस नसताना. रेकॉर्डिंग कुणाचं ते मी सांगितलंच नाही. आता सांगणार तरी कसं? जे त्यांना ऐकू आलं नाही ते तुझं होतं, असं?

तू कोरडी जोडी बरोबर की चूक ते कळवू नकोस. आता त्याला अर्थ नाही.

भार्गवी


रत्नागिरी
२२ डिसेंबर

प्रिय दादा,

हे पत्र परवाच्या पत्राआधी पोचावं अशी माझी फार इच्छा आहे. तसं होणार नाही, पण झालं तर ते दुसरं उघडू नकोस.

काल जेवताना आई बाबांना वाढता वाढता म्हणाली, ‘तो भागोजीबुवा काय तोंडाचा तिखट हो! म्हणे देव आधी की देऊळ आधी ते राहू दे, गवंडी आधी! त्याची मजुरी दिलीत का, मग देवाचं बोला!’ आणि पुन्हा हसायला लागली.

ती बाबांच्या समोर बसून बोलत होती, त्यामुळे त्यांना सगळं कळलं. त्यांचा घास हातातच राहिला.

‘कोण भागोजीबुवा?’

‘अहो, कालचा. तुमच्या डबलबारीतला.’

‘एकच बुवा होता. रावजी. दुसरा गायलाच कुठे?’

‘रावजी कोण?’ आई म्हणाली. ‘मला तर कुणी सवाल विचारलेलाच ऐकू आला नाही. हा मेला आपला एकटाच उत्तरं देत सुटला होता. मला वाटलं हल्ली अशीच पद्धत निघालीय.’

दादा, मी मधल्या दारात बसले होते. मला दोघेही ऐकू येत होते. म्हणून माझ्या डोक्यात शिरलंच नाही. तू एका बुवाला एका बाजूला ठेवलंयस आणि दुसऱ्याला दुसऱ्या बाजूला, आणि आम्ही एक बाजू ओटीवर नेली आणि दुसरी स्वयंपाकघरात. बाबांना नुसते सवाल, आईला नुसती उत्तरं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग फळीकडे. त्यांना माझ्याआधी उलगडलं. ते हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. आई पाठीवर थापट्या मारत होती आणि म्हणत होती, ‘काय झालं ते सांगाल का?’ पाणी प्यायल्यावर ते म्हणाले, ‘एवढे सामने केले, पण एकाच बाजूचं ऐकून मैदानातून उठलेला पंच मीच पहिला.’ हसत होते, पण शेवटचे शब्द म्हणताना हसू नव्हतं. ते कुठल्या सामन्याबद्दल म्हणाले ते मी विचारलं नाही.

हात धुऊन त्यांनी स्वतः फळीवरचा स्पीकर उचलून आणला. कपाटातल्यापासून दोन हात लांब ठेवला, मागे सरून पाहिला, थोडा वळवला. मग आईला हाक मारली, ‘कमला, इकडे ये. इथे बस, मध्ये.’

‘मला भांडी आहेत.’

‘भांडी पळून जात नाहीत.’

आई बसली. पदराला हात पुसत, पाहुण्यांकडे बसावं तशी कडेला. म्हणाली, ‘जत्रेत आम्ही बायका मागे, त्यात मांडीवर पोर. पुढे काय चाललंय ते कधी कळलंच नाही.’ मग दोघांनी सबंध सामना ऐकला. मी मधल्या दारात नव्हते. मी त्यांच्या पायाशी बसले.

सगळं नीट झालं असं मी लिहिणार नाही, कारण तसं नाही. भागोजीबुवा भरभर बोलायला लागले की बाबा आईकडे बघायचे, ‘काय म्हणाला?’ आणि ती त्यांच्याकडे तोंड करून सांगायची. झांज त्यांना येतच नाही म्हणाले. म्हणजे कान गेलेले नाहीत, पण जात आहेत. पण पखवाज आला, पेटी आली, आणि रावजीबुवांचं अक्षर न् अक्षर आलं. मला वाटतं कोरडी जोडीच बरोबर होती. नक्की नाही, पण वाटतं.

संपल्यावर बाबा म्हणाले, ‘रेकॉर्डिंग करणारा माणूस कानाचा पक्का आहे. कुणालाच झुकतं माप दिलं नाहीन्.’ आई माझ्याकडे बघेना. मग मी मोबाइल उघडला आणि वाचून दाखवलं. त्यांच्या समोर बसून, सावकाश, ओठ दिसतील असं. ‘ध्वनिमुद्रण : सलिल परशुराम आठल्ये.’

ते मोबाइलच्या पडद्याकडेच बघत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही. मी पुन्हा वाचायला लागले तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

‘मधलं नाव लावतो?’

‘हो बाबा.’

‘पुन्हा लाव,’ ते म्हणाले. ‘पहिल्यापासून.’

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर भांडण सुरू झालं. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटची आरती आहे, पण निकाल नाही. बाबा म्हणतात रावजीबुवा जिंकले, सवाल टाकायला अक्कल लागते. आई म्हणते भागोजीबुवा, कारण उत्तर द्यायला जास्त लागते. काल रात्री आणि आज सकाळी चहाला हेच. ‘नेटवर निकाल शोधू का?’ म्हटलं तर बाबा म्हणाले, ‘तू गप्प बस.’

आणि आता हे लिहायला बसले तर मागे येऊन उभे राहिले. मी वही झाकली. म्हणाले, ‘झाकतेस काय? त्याची पाकिटं पोस्टमन माझ्याच हातात देतो. तुझ्या उशीवर कोण ठेवतं असं वाटलं तुला? ऐकू येत नाही, पण दिसतं मला अजून.’ मी आईला विचारत होते की उशीवर तू ठेवलंस का, आणि ती ‘मी नाही’ म्हणाली तेव्हा मला वाटलं नेहमीसारखी नाव घालू देत नाहीये.

पेन मागतायत. देते.

चि. सलिल यास अनेक आशीर्वाद.

तुझे काम ऐकले. कानांच्या डॉक्टरांकडे जायचे ठरवले आहे. मात्र कानात यंत्र बसवून घ्यायचे तर ते कसे वाजते हे कळणारा माणूस बरोबर हवा. भार्गवी दुकानात दोन दोन दिवस लावते.

सामन्याचा निकाल मी रावजीबुवांच्या बाजूने दिला आहे. तुझ्या आईला तो मान्य नाही. तू तेथे हजर होतास, खरे काय झाले ते तुला ठाऊक. पत्राने कळवू नकोस. येऊन सांग. या वेळी पुरते ऐकून घेईन.

बाबा